कालचा भाव

कझाकस्तानातल्या अतिराऊला मी वेल्डिंग इन्स्पेक्टर होतो. काम काशागानच्या पाइपलाइनचं. कॅस्पियन समुद्रातलं हे तेलक्षेत्र 2000 साली सापडलं, सुमारे 50 अब्ज डॉलर ओतून सप्टेंबर 2013 मध्ये सुरू झालं आणि काही आठवड्यांतच बंद पडलं. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड फार, त्याने पाइपांना तडे गेले. दोन लाइनी मिळून जवळजवळ 200 किलोमीटर पाइप बदलायचा, म्हणून आमच्यासारख्यांना बोलावणं.

20 ऑगस्ट 2015, गुरुवार. ऑफिसात शिरलो तर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेले. आदल्या दिवशी डॉलर 188 टेंग्यांना होता; टेंगे म्हणजे तिथलं चलन. सरकारने दर बाजारावर सोडला आणि तो 255 वर गेला.

आमची दुभाषी बाई एका रद्द रिपोर्टच्या पाठीवर आकडे मांडत होती. पगार दोन लाख टेंगे. काल त्याचे 1,060 डॉलर होत होते, आज 783. खरी मेख पुढे होती. फ्लॅटचं कर्ज तिने 2007 साली डॉलरमध्ये काढलेलं; तेव्हा तेल तेजीत, टेंगे भक्कम, डॉलरचं व्याज कमी. हप्ता 400 डॉलर. कालपर्यंत 75 हजारांत भागायचा, आता 1 लाख 2 हजार. अर्धा पगार बँकेच्या घशात.

"टेंगे 2009 ला एकदा पडला, गेल्या वर्षी फेब्रुवारीत एकदा, आणि आता हे," ती म्हणाली. "आईची बचत 1993 मध्ये गेली. जुन्या 500 रुबलला एक नवा टेंगे मिळाला होता."

मी शहाणपणा करायला गेलो: तेल वर्षभरात पिंपाला 110 डॉलरवरून पन्नासच्या खाली आलंय, रशियाचा रुबल आधीच पडलाय, तुमची माणसं सीमेपलीकडून स्वस्त गाड्या आणतायत, मग टेंगे किती दिवस धरून ठेवणार? तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावरच्या सफरचंदाकडे बोट दाखवलं. कँटीनचं होतं, चीनमधून आलेलं. सफरचंदाचं मूळ ज्या डोंगरांत, तो देश हा. "आम्ही तेल विकतो आणि हे विकत घेतो," म्हणाली.

दुपारी बाजारात टीव्ही-फ्रिजच्या दुकानाचं शटर अर्धं खाली. आत जुनी लेबलं काढणं चाललेलं. एक्स्चेंजच्या खिडकीवर डॉलर संपल्याची चिठ्ठी. घरी फोन केला तर बायको खुशीत, पेट्रोल उतरलं होतं. कांदा मात्र चढलेला, त्यावर दहा मिनिटं गेली. तेल तेच, घसरलं तर आमच्याकडे बरं.

आणि माझा पगार डॉलरमध्ये. काही न करता त्या दिवशी मी इथे तिसऱ्या हिश्शाने श्रीमंत झालो होतो.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "तुमच्याकडे 400 डॉलर सुटतील? हप्ता सोमवारी आहे." मग अर्धवट हसून, "कालच्या भावाने?"

मी 220 म्हणालो. मधला भाव, तेव्हा मला अगदी न्याय्य वाटला होता. तिने काही न बोलता 88 हजार मोजले, दोनदा.