पाचशे, पण पाचशे काय?

जुलैतली पावसाची दुपार होती. सेंट्रलच्या गाड्या रखडलेल्या, त्यामुळे विक्रोळीचं आमचं ऑफिस निम्मं रिकामं. टीममध्ये नुकतीच आलेली सांगलीची मुलगी दोन दिवसांपासून नव्या सर्किट बोर्डाशी झगडत होती. सेन्सरकडून उत्तर आलं नाही, तर आमच्या लिनक्स ड्रायव्हरने, म्हणजे सेन्सरशी बोलणाऱ्या प्रोग्रामने, अर्ध्या सेकंदात वाट पाहणं सोडून द्यायचं. पण तो चक्क 5 सेकंद अडून बसायचा.

"दादा, फंक्शनवरची कॉमेंट मी तीनदा वाचली. मिलिसेकंदच लिहिलंय. मी 500च दिलेत."

कॉमेंट म्हणजे फंक्शनच्या, कोडच्या एका तुकड्याच्या, डोक्यावर माणसांसाठी लिहिलेली टीप. तिच्यात तसंच होतं. खाली कोडमध्ये मात्र तो आकडा जसाच्या तसा कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, वाट पाहणाऱ्या फंक्शनला जात होता, आणि ते मोजतं जिफीमध्ये. जिफी म्हणजे कर्नलच्या घड्याळाची एक टिकटिक. ती केवढी, हे एचझेड या सेटिंगवर ठरतं. एचझेड 1000 असेल तर एक जिफी 1 मिलिसेकंदाची, 100 असेल तर 10 मिलिसेकंदांची. आमच्या जुन्या बोर्डांवर एचझेड 1000 होतं, म्हणून चुकीची कॉमेंट तिथे इतकी वर्षं खरी ठरत आली. नव्या बोर्डावर 100, म्हणून 500 जिफींचे 5 सेकंद झाले.

शाळेत विज्ञानाच्या पेपरात एकक राहिलं की अर्धा गुण जायचा. इथे एकक लिहिलेलं होतं, म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास उलगडला. मुळात फंक्शन मिलिसेकंदच घेत असे आणि रूपांतर आत होई. पुढे कोणीतरी ते रूपांतर बाहेर काढलं, पॅरामीटरचं, म्हणजे फंक्शनला द्यायच्या आकड्याचं, 'टाइमआउट_एमएस' (एमएस म्हणजे मिलिसेकंद) हे नाव बदलून नुसतं 'टाइमआउट' केलं, आणि वरची कॉमेंट तशीच राहिली. कर्नल-डॉक ही अशा कॉमेंट तपासणारी स्क्रिप्ट नेमकं हेच पकडते: वर्णन केलेला पॅरामीटर फंक्शनमध्ये नाही, आणि असलेल्याचं वर्णन नाही. डब्ल्यू=1, म्हणजे जादा वॉर्निंग दाखवायचा पर्याय, लावून केलेल्या प्रत्येक बिल्डमध्ये ती वॉर्निंग येत होती. 'किरकोळ, सवडीने' या यादीत ती मीच टाकली होती. त्या मुलीचे दोन दिवस त्या एका शब्दापायी गेले, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आता दुरुस्त काय करायचं? कॉमेंट की कोड? फंक्शन 11 ठिकाणांहून बोलावलं जात होतं. 4 ठिकाणी आधी जिफीत रूपांतर केलेलं, 7 ठिकाणी कॉमेंटवर विश्वास ठेवून कोरा आकडा दिलेला. कोड पुन्हा मिलिसेकंदांवर नेला तर ते 4 बिघडतील. म्हणून आम्ही जिफीच ठेवली, कॉमेंट बदलली आणि त्या 7 ठिकाणी रूपांतर घातलं.

ठाण्याला अडकलेल्या मॅनेजरांनी फोनवर विचारलं, "एकाच पॅचमध्ये घाला ना, ओळी तरी किती आहेत?" मी नाही म्हटलं. एका पॅचमध्ये, म्हणजे एकत्र पाठवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यात, एकच बदल, ही कर्नलवाल्यांची शिस्त मला पटते. उद्या कोडचा बदल मागे घ्यायची वेळ आली, तर सुधारलेली कॉमेंट त्याच्याबरोबर जाता कामा नये. पहिल्या, म्हणजे कॉमेंटच्या, पॅचचा मजकूर त्या मुलीनेच लिहिला: कॉमेंट कधीपासून चुकीची आहे, कशामुळे, आणि जुन्या बोर्डांवर ते का दिसलं नाही. तीन वाक्यं, पण त्यासाठी तिने अर्धा तास घेतला, आणि मी घाई केली नाही.

सात वाजता बोर्ड अर्ध्या सेकंदात मोकळा झाला. तिने लॅपटॉप मिटला नाही.

"दादा, किरकोळच्या यादीत अजून 37 आहेत."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.