बी साइडचं शेवटचं गाणं

बुधवार, २३ जुलै २०२५

सकाळी दूध तापवत ठेवून फोन उघडला तर आमच्या जुन्या टोळक्याच्या ग्रुपवर सगळ्यांनी एकच बातमी टाकलेली. ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न काल गेला. या ५ जुलैलाच बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर त्याचा निरोपाचा कार्यक्रम झाला होता. उभं राहता येत नव्हतं म्हणून भल्यामोठ्या काळ्या सिंहासनात बसून गायला. त्यानंतर बरोबर सतरा दिवसांनी गेला. दूध उतू गेलं. बायको काही बोलली नाही. तिने नुसतं फडकं आणून दिलं, म्हणजे चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार.

बाबांना जाऊन सांगितलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा. ऑझी त्यांना माहीत नाही. मग म्हटलं, "बाबा, तो बोटं तुटलेला गिटारवाला होता ना, त्याच्या बँडमधला गाणारा." तेव्हा लगेच ओळख पटली. "प्रेसवरचा?"

हो, प्रेसवरचा. बाबांनी वागळे इस्टेटमध्ये सत्तावीस वर्षं पत्रा कापायची पॉवर प्रेस चालवली. मी बारावीत असताना एकदा त्यांनी माझी टेप बंद केली. रागाने नाही, थकून. म्हणाले, "हा आवाज मी शॉपमध्ये आठ तास ऐकतो. घरी कशाला आणलास?" काहीतरी बाजू मांडायची म्हणून मी त्यांना टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरीचा शेवटचाच दिवस, आणि मशीनने उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं नेली. पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या वापरल्या, पुढे त्या सैलही केल्या. सैल तारेचा सूर खाली उतरतो. ब्लॅक सॅबथचा तो जड, खर्जातला आवाज या सगळ्यातून आला. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी, त्यांची पहिली रेकॉर्ड निघाली. ती जवळजवळ सगळी एका दिवसात वाजवून काढलेली.

बाबांनी गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाले. "बोटं वाचवणारा गार्ड काढून ठेवला असेल. काम भराभर व्हावं म्हणून काढतात." मग त्यांच्या शॉपमधल्या एका हेल्परचं सांगू लागले. कुठल्या शिफ्टला, कुठली डाय, कुठली बोटं. इतकी वर्षं मी ते संगीत ऐकत होतो आणि गार्ड माझ्या डोक्यात आला नव्हता.

आज म्हणाले, "त्याची बोटं नंतर बरी झाली का रे?"

शनिवार, २६ जुलै

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. पुढच्या महिन्यात नौपाड्यातलं घर रिकामं करायचं आहे, म्हणून आज माळा काढला. तारीख लक्षात येऊन हसू आलं. वीस वर्षांपूर्वी याच दिवशी तळमजल्यात पाणी शिरलं होतं. आईने सगळ्यात आधी तांदळाचा डबा वर चढवला आणि मी कॅसेटचं खोकं. त्यावरून ती मला अजून ऐकवते.

तेच खोकं आज खाली आलं. शंभराच्या आसपास कॅसेट. निम्म्यांच्या फितीवर पांढरी बुरशी. ठाण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर याहून वेगळं काय होणार. बायको म्हणाली, "यातल्या ठेवायच्या किती?" मी म्हणालो, बघतो. "बघतो" म्हणजे काय ते तिला लग्नानंतर सहा महिन्यांतच कळलं होतं.

बहुतेक कॅसेट भरून घेतलेल्या. विकत घेण्याएवढे पैसे कुणाकडेच नव्हते. खारकर आळीतल्या मित्राकडे डबल डेक, म्हणजे दोन कॅसेटचा टेप होता आणि त्याच्या मामाकडून आलेल्या काही ओरिजिनल. कोरी कॅसेट आपण न्यायची, तो भरून द्यायचा. कुठला अल्बम किती लांबीच्या कॅसेटवर बसतो याचं आमचं गणित शाळेतल्या गणितापेक्षा पक्कं होतं. स्लेअरचा 'रेन इन ब्लड' २९ मिनिटांचा, साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर नखभर जागा ठेवून मावतो. मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' साठवर, पहिली चार गाणी इकडे आणि उरलेली चार तिकडे. १९८६ साली हे दोन्ही आले, तेव्हा मी चार वर्षांचा. आम्हाला सगळं बारा-तेरा वर्षं उशिराने मिळालं, त्यामुळे कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हा क्रम अजून माझ्या डोक्यात नीट बसलेला नाही.

खोक्याच्या तळाशी ती नव्वद मिनिटांची सापडली. ए बाजूला आयर्न मेडनचा 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन', ४४ मिनिटं, अगदी मापात. बी बाजूला 'पॉवरस्लेव्ह'. तो ५१ मिनिटांचा. पंचेचाळीसच्या बाजूवर एक्कावन्न.

यातली ग्यानबाची मेख अशी, की 'पॉवरस्लेव्ह'चं शेवटचं गाणं साडेतेरा मिनिटांचं आहे. इंग्रज कवी कोलरिजची १७९८ सालची म्हाताऱ्या खलाशाची कविता मेडनच्या स्टीव्ह हॅरिसने गाण्यात आणली. खलाशी अल्बट्रॉस पक्षी मारतो, जहाजाला शाप लागतो, वारा पडतो, चहूकडे पाणी पण प्यायला थेंब नाही. मध्येच सगळी वाद्यं थांबतात. नुसती बेस गिटार हळूहळू चालते, जहाजाचं लाकूड करकरतं, आणि एक आवाज कवितेतल्या ओळी बोलतो. दोनशे खलाशी, एकामागून एक, न कण्हता कोसळतात.

आणि खट्. टेपचं बटण वर.

माझ्यासाठी गाणं तिथेच संपत होतं. अडीच वर्षं. सगळे मेले, समुद्र स्तब्ध, खट्. याहून भयंकर शेवट मी कुठे ऐकला नव्हता. तो शेवट नाही, फीत संपली आहे, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण गोष्ट तिथे इतकी पुरी होत होती की पुढचं कुणाकडे मागावंसं वाटलं नाही. पुढे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर एमपीथ्रीची सीडी मिळाली, दीडशे गाण्यांची, त्यात हेही. ऐकलं तर शांततेनंतर ढोलांचा भडिमार, गिटारी, शाप उतरतो, खलाशी घरी पोचतो आणि ज्याला त्याला आपली कहाणी सांगत फिरतो. मला फसवल्यासारखं झालं. गाणं उत्तम होतं, पण माझं नव्हतं.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव सुरू झाला. गणपती महिन्यावर आले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचं मेटल हेच ना?" सगळेच असं म्हणतात, आणि मला पटत नाही. ढोल मोकळा असतो, टिपरू पडलं की आवाज चौकापर्यंत जातो. मेटलचं वजन आवाज दाबण्यात आहे. गिटार वाजवताना उजव्या तळव्याची कड तारांवर ब्रिजपाशी, म्हणजे तारा गिटारच्या अंगाला टेकतात तिथे, टेकवून ठेवतात. सूर जन्मतो तोच गळा आवळून. गाडीचा फर्स्ट गिअर पडावा तशी ती धडधड त्यातून येते. हे मी तिला तव्यावर उलथनं दाबून करून दाखवलं. तिने आईकडे पाहिलं.

आजी मात्र या बाबतीत माझ्या बाजूला आहे. डिमॉनिक रेझरेक्शन या आपल्या मुंबईच्या बँडचा २०१७चा 'दशावतार' अल्बम मी तिला नाव सांगून ऐकवला होता. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. ती मूळची कुडाळची. दोन गाणी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "आमच्या दशावतारात राकस असोच बोंब मारीत येता." यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

रविवार, २७ जुलै

आमच्या टू-इन-वनचा बेल्ट वितळून गुळासारखा झालाय. दुरुस्तीवाल्या पोराने ते पाहून हसतच हात जोडले. पण खारकर आळीवाला आता नेरूळला राहतो, आणि त्याने डेक चालू ठेवलाय. मेगाब्लॉकची चौकशी करून निघालो. ट्रान्सहार्बरला गर्दी नव्हती. ऐरोली, रबाळे, घणसोली, खिडकीबाहेर पाऊस, मांडीवर पिशवीत एक कॅसेट. त्रेचाळीस वर्षांचा माणूस आणि हे रविवारचं काम.

त्याच्या गॅलरीतून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. या जानेवारीत कोल्डप्ले तीन रात्री वाजले, ते त्याला घरबसल्या ऐकू आले. म्हणतो, फुकट असूनही खिडक्या लावून घेतल्या. मी म्हटलं, साल्या, खोटं बोलू नकोस. वहिनी आतून म्हणाल्या, "तिन्ही दिवस गॅलरीत उभे होते."

चहा होईपर्यंत नेहमीप्रमाणे २००८वर आलो. १ फेब्रुवारी, शुक्रवार. आयर्न मेडनच्या जागतिक दौऱ्याची पहिलीच रात्र, आणि ती लंडनला नाही, लॉस एंजेलिसला नाही, आपल्या बीकेसीला. बँड, माणसं, टनावारी सामान सगळं एका बोइंग ७५७मध्ये भरून आलेलं, आणि ते उडवणाऱ्या वैमानिकांत खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. आम्ही दोघं ऑफिसातून पोटदुखी सांगून निघालो. कुर्ल्याला उतरून रिक्षा मिळेना म्हणून चालत गेलो. बुटांवर एवढी धूळ बसली की काळ्या टी-शर्टखाली पांढरे बूट घातल्यासारखं दिसत होतं. त्याआधी आमचं लाइव्ह म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव तिथे व्हायचा. पुढे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि ते रंगभवन गप्प झालं.

आवाज कसा होता विचाराल तर खरं सांगतो, आम्ही उभे होतो तिथे बरा नव्हता. वाऱ्याबरोबर गिटार कधी जवळ यायची, कधी माहीमकडे निघून जायची. ज्यांना रेकॉर्डसारखं स्वच्छ ऐकायचं असेल त्यांनी घरी बसावं. शोमध्ये छातीच्या पिंजऱ्यात बेस ड्रम वाजतो, ते घरच्या कुठल्याही स्पीकरला जमत नाही. आणि जे गाणं आपण वर्षानुवर्षं कानात बोळे घातल्यासारखं, दार लावून, चोरून ऐकलं, त्याची नुसती चाल हजारो अनोळखी लोक शब्दांशिवाय एका सुरात गातात. मला तेव्हा आनंदाच्या आधी थोडी लाजच वाटली, आपली डायरी कुणीतरी मोठ्याने वाचावी तशी.

मग ते खलाशाचं गाणं आलं. साडेतेरा मिनिटं, पूर्ण. शांत भाग सुरू झाला, लाकूड करकरलं. तोवर हे गाणं मी एमपीथ्रीवर निदान दोनशे वेळा शेवटपर्यंत ऐकलेलं होतं. तरी दोनशे खलाशी कोसळले तसा मी श्वास धरून उभा राहिलो. खट् होणार म्हणून. नाही झालं. ढोल उसळले, बाजूच्या कुणा अनोळखी पोराने माझा खांदा धरला आणि आम्ही दोघं माकडासारखे उड्या मारू लागलो. त्या दिवसापासून मी मानतो की ते गाणं माझ्यासाठी तिथे पुरं झालं, बीकेसीच्या धुळीत. हे मी आजवर पन्नास जणांना सांगितलं असेल. खलाशासारखंच.

चहा झाला. बुरशी त्याने ओल्या सुती कापडाने पुसली, फीत एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी केली, बी बाजू लावली. पाचवं-सहावं गाणं थरथरत गेलं, सूर पाण्याखालून आल्यासारखे. मग शेवटचं. आम्ही बोलायचे थांबलो. बेस. लाकूड. तो आवाज. दोनशे खलाशी.

खट् झालं नाही.

शांतता संपली, वाद्यं परत आली, वेग चढला, ब्रूस किंचाळला. तीस सेकंद. चाळीस. आणि मग, एका ओळीच्या मधोमध, खट्.

मी म्हणालो, ही ती कॅसेट नाही. त्याने कव्हर दाखवलं. माझंच अक्षर, 'पॉवरस्लेव्ह'मध्ये एक काना जास्त. म्हणाला, "अरे, नव्वदच्या कॅसेटमध्ये कधीच मापून पंचेचाळीस नसायची. मिनिट-दीड मिनिट जास्त फीत भरायचे. मी त्याच हिशेबाने भरून दिली होती. म्हटलं, जहाज हललेलं तरी तुला कळेल." वर म्हणाला, "आणि उरलेलं ऐकायला घरी ये म्हणून सांगितलं होतं. तू आलाच नाहीस."

मला हे सांगितलेलं आठवत नाही. जहाज हललेलंही आठवत नाही. पुन्हा लावली. पुन्हा तेच, वेग, किंकाळी, अर्धी ओळ, खट्. म्हणजे अडीच वर्षं मी ती चाळीस सेकंदं ऐकत होतो आणि टाकून देत होतो. बीकेसीला श्वास धरला तो चुकीच्या जागी. त्या पन्नास जणांना आता काय सांगायचं?

वहिनींनी जेवायला थांबवलं. भरली वांगी होती.

सोमवार, २८ जुलै

रात्री उशिरा पोचलो तर बाबा जागे. "वाजली का?"

"वाजली."

"मग आता टाकायची?"

मी काही बोललो नाही. त्यांनी श्रवणयंत्र काढून डबीत ठेवलं, म्हणजे संभाषण संपलं. सकाळी पाहतो तर पॅकिंगच्या एका खोक्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात मार्करने लिहिलेलं: 'औषधं, चष्मे, कॅसेट (१). वर काही ठेवू नये.'