भुरी, केवडा आणि क्लिपर

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी झाली की माझ्या ब्राउझरमध्ये पन्नासेक टॅब उघडे: भुरी आणि केवडा हे रोग, त्यांवरच्या फवारण्या. यंदा म्हटलं, ऑब्सिडियन या नोंदींच्या अ‍ॅपचा वेब क्लिपर वापरून बघू. एका क्लिकमध्ये पान साध्या मजकुराच्या (मार्कडाउन) फाइलीत उतरतं, आपल्याच लॅपटॉपवर. वर मूळ लिंक आणि तारीखही. मग अख्खा फोल्डर एआयपुढे टाकायचा आणि विचारत बसायचं.

पहिल्याच दिवशी फजिती. एका औषधाचं प्रमाण विचारलं, तर उत्तर आलं छातीठोक, आकड्यासकट. फाइल उघडली तर आकडा कुठेच नाही! त्या पानावरचा तक्ता म्हणजे नुसता फोटो होता. क्लिपरने चित्राची लिंक तेवढी घेतली आणि एआय पठ्ठ्याने आकडा मनानेच ठोकून दिला. लिटरला की एकराला, एवढं चुकलं तरी बाग करपते हो.

आता तक्ते हाताने टाइप करतो. कंटाळवाणं आहे. 'हेही वाचा'चं शेपूट छाटतो, आणि प्रश्नाखाली लिहितो: फाइलीचं नाव आणि मूळ वाक्य दे, नसेल तर 'नाही' म्हण. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, ते मात्र डब्यावरच्या लेबलावरूनच.

बायको म्हणते, वहीत लिहिलं असतंत तर एव्हाना उरकलं असतं.