आमची वाटचाल : गणपती पेठेतील पेढी आणि लॉज

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना आमच्या आजोबांची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही. पेठ त्यांना अण्णा म्हणत असे. खाली हुंडीची, म्हणजे परगावी पैसे चुकते करण्याच्या चिठ्ठीची, पेढी आणि वर बाहेरगावच्या व्यापाऱ्यांसाठी लॉज असा त्यांचा दुहेरी व्यवसाय होता, आणि उतारवयात गावातल्या मोजक्या धनिकांत त्यांची गणना होई. पेढी बंद होऊन बराच काळ लोटला. लॉज चालू आहे आणि तो आज मी पाहतो. मध्यंतरी व्यापारी मंडळींची एक स्मरणिका निघाली. परगावच्या हळद-व्यापाऱ्यांच्या मुक्कामाची सोय सांगलीत प्रथम कोणी केली, याविषयीच्या मजकुरात आमच्या घराण्याचा साधा उल्लेखही नाही; ते श्रेय अशा गृहस्थांना दिले गेले आहे, ज्यांनी या व्यवसायाचे पहिले धडे आमच्याच पायरीवर गिरवले होते. संपादकांना पत्र पाठवले, त्याचे उत्तर आले नाही. म्हणून ही वाटचाल सविस्तर लिहीत आहे.

अण्णा कृष्णाकाठच्या एका खेड्यातून, मराठी चौथी झाल्यावर, एका गुजराती पेढीवर उमेदवार, म्हणजे शिकाऊ कारकून, म्हणून सांगलीत आले. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. उमेदवाराने पहाटे गादी झटकावी, बैठकीवरची चादर ताणून घालावी, दौतीत शाई भरावी, बोरू तासून ठेवावेत आणि मग दिवाणजींच्या, म्हणजे मुख्य कारकुनाच्या, मागे बसून कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कशी लिहितात ते नुसते पाहावे, अशी रीत होती. हातात बोरू मिळे तो वर्षा-दीड वर्षाने. अण्णांचे मोडी अक्षर इतके घोटीव होते की पुढे मुंबईच्या पेढ्या सही पाहण्याआधी अक्षरावरूनच त्यांची हुंडी ओळखत. हुंडीत रक्कम आधी आकड्यांत, मग अक्षरी, मग तिचे निमे आणि त्या निम्म्याची दुप्पट अशी लिहीत. एखाद्याने शून्य वाढवायचे म्हटले तरी निम्म्याशी त्याची गाठ पडे. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, तीही गहाळ झाली तर तिसरी प्रत, म्हणजे परपेठ, आणि पटलेल्या, म्हणजे पैसे चुकते झालेल्या, हुंडीचा कागद, म्हणजे खोका, तारेत ओवून ठेवायचा. ही शिस्त त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घरातल्या दुधाचा हिशेबही ते जमा-नावे लिहीत. त्यांचे डेस्क, उतरत्या झाकणाचे आणि पितळी बिजागऱ्यांचे, आजही आमच्या काउंटरच्या मागे आहे. त्याच्या डाव्या कप्प्यात दर्शनी हुंड्या (दाखवताच पैसे द्यायच्या) आणि उजव्या कप्प्यात मुदती हुंड्या (ठरल्या मुदतीनंतर द्यायच्या), हा क्रम त्यांनी कधी बदलू दिला नाही.

स्वतःची पेढी त्यांनी काढली ती हळदीच्या बळावर. वखारीतल्या मालावर उचल देणारे पुष्कळ होते. अण्णा पेवातल्या मालावर देत. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवे खणत, आत पाला आणि कडबा लावून सुटी हळकुंडे भरत, तोंड दगडाने झाकून माती लिंपत आणि वर निशाणी ठेवत. असे पेव नीट बसले की माल वर्षानुवर्षे राही, कीड लागत नसे आणि रंग उतरत नसे. पण पेवावर पैसे देणाऱ्याला डोळ्यांनी न दिसणाऱ्या मालावर पैसे द्यावे लागतात. म्हणून अण्णा पेव भरताना स्वतः काठावर उभे राहत. राजापुरी जातीचे हळकुंड हातात घेऊन मोडत, आतला रंग पाहत, दोन हळकुंडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकत. वाळलेला माल खणखणतो, ओला माल बोलत नाही. पसंत पडला तरच पेवाची नोंद वहीत होई. १९४६ च्या कायद्याने सावकारीला परवाना आला, तेव्हा पळवाट न शोधता त्यांनी तो घेतला आणि दरवर्षी नूतन केला. परवान्याचे कागद माझ्याकडे आहेत.

लॉजची कल्पना त्यांना पेढीवर बसूनच सुचली. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सौद्यांचा हंगाम चाले आणि गुजरात, राजस्थान, दिल्लीचे खरेदीदार मिरजेहून गाडी बदलून सांगलीत उतरत. त्यांनी राहायचे कोठे? कोणी अडत्याच्या वखारीत पोत्यांवर वळकटी पसरी, तर कोणी धर्मशाळेत जागा धरी. लाखाची खरेदी करणारा माणूस सकाळी तोंड धुवायला आडावर रांगेत उभा राहतो, हे अण्णांना खटके. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले आणि त्यानंतरच्या हंगामाला अण्णांनी पेढीच्या माडीवर बारा खोल्या तयार केल्या. प्रत्येक खोलीत नवारीची खाट, भिंतीतले कुलपाचे कपाट, पितळी तांब्या-भांडे, आणि किल्लीला तळहाताएवढा पितळी बिल्ला. बिल्ला मोठा ठेवण्याचे कारण एवढेच, की पाहुणा तो चुकून खिशात घालून गावी जाऊ नये. स्वयंपाकाला त्यांनी कांदा-लसणाशिवाय रांधणारा महाराज आणला, कारण निम्मे शेठ तसेच जेवणारे होते.

आणि बंब. तांब्याचा तो बंब अण्णांनी तांबट आळीतून घडवून घेतला. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राखेचा कप्पा. पहाटे चारला तो पेटे आणि सौद्याला निघण्यापूर्वी माडीवरच्या प्रत्येकाला कढत पाणी मिळे. रोज चिंचेने घासल्याशिवाय त्यात पाणी भरायचे नाही, असा दंडक होता. नवीन लॉजवाल्यांना माझे सांगणे आहे की गीझर बसवा, अवश्य बसवा. पण पाहुण्याला पहिली बादली किती वेळात मिळते ते स्वतः उभे राहून पाहा. भिंतीवरच्या चित्रांवर आणि दिव्यांवर जो खर्च होतो, त्याच्या निम्मा खर्च पाण्याच्या नळांवर केला तरी गिऱ्हाईक टिकते.

लॉजच्या देखरेखीसाठी अण्णांनी एक तरुण कारकून ठेवला. हुशार होता, बोलण्यात गोड होता, सगळ्या शेठ लोकांची नावे, गावे आणि आवडी त्याला पाठ होत्या. चार-पाच हंगाम काढल्यावर तो निघून गेला आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर त्याने स्वतःचा लॉज उघडला. धंद्यात असे होते, त्याचे दुःख करायचे नसते. पण आमच्या मुक्कामाच्या रजिस्टरातले पत्ते उतरवून घेऊन आमच्याच पाहुण्यांना पत्रे टाकणे, स्टेशनवरच्या टांगेवाल्यांना दर खेपेला पैसे देऊन आमच्याकडे येणारा माणूस परस्पर वळवणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे आमच्या पेढीविषयी कुजबुज सुरू करणे, हे धंद्याच्या नियमांत बसत नाही. स्मरणिकेत ज्यांचा गौरव झाला ते हेच गृहस्थ.

ती कुजबुज कशाला कारण झाली, ते सांगितले पाहिजे. १९६० साली लक्ष्मी बँक बुडाली, आणि ऑगस्टच्या ८ तारखेला केरळातली पलाई सेंट्रल बँक रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून बंद झाली. वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या आणि ज्याचा पैसा कोठेही ठेवलेला होता त्याच्या पोटात गोळा आला. ठेवींना तेव्हा विमा नव्हता. आमच्या पेढीत पेठेतल्या हमालांपासून शिक्षकांपर्यंत अनेकांच्या ठेवी होत्या. अशा वेळी कोणीतरी सांगायला लागले की अण्णांच्या मुंबईवरच्या हुंड्या परत आल्या आहेत, लॉजच्या बांधकामात ठेवीदारांचा पैसा गेला आहे, पेढी आता बसणार. एकही हुंडी परत आलेली नव्हती. लॉजचा खर्च अण्णांच्या स्वतःच्या खात्यातून झाला होता आणि तशी कीर्द आहे. पण अफवेला कीर्द कोण दाखवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी पेढीच्या पायऱ्यांवर माणसे उभी होती.

पैसा नव्हता असे नाही; पैसा पेवात होता. हरिपूरला मालाने भरलेली पेवे आमच्याकडे तारण होती आणि त्यांची किंमत ठेवींहून अधिक होती. परंतु श्रावणात पेव उघडता येत नाही. तोंडावरची माती काढली आणि एक सर आत गेली की सगळा माल काळा पडतो. पेव उघडले तरी आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत माणूस उतरवायचा नसतो. दिवा सोडून पाहतात, तो विझला तर थांबतात. म्हणजे ज्या दिवसांत रोकड हवी होती, नेमक्या त्याच दिवसांत आमची सारी दौलत ओल्या मातीखाली बंद होती. ज्या बँकेत पेढीचे खाते होते, तिच्या व्यवस्थापकांकडे अण्णा गेले. वर्षानुवर्षे ज्यांनी आमच्या हुंड्या वटवून हुंडणावळ, म्हणजे वटवण्याचे कमिशन, कमावली, त्यांनी त्याच आठवड्यात आमची उचलीची मर्यादा कमी केली. बसा, असेही म्हटले नाही, असे अण्णा सांगत, आणि ते सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज चढे.

पेढीवर परत येऊन त्यांनी दिवाणजींना तिजोरी उघडी ठेवायला सांगितली. जो येईल त्याला मुद्दल आणि त्या दिवसापर्यंतचे व्याज मोजून द्यायचे, कोणालाही उद्या ये म्हणायचे नाही, आणि रांगेतल्या प्रत्येकाला वर लॉजच्या स्वयंपाकघरातून चहा द्यायचा, असा हुकूम झाला. आजीचे दागिने त्या रात्री सराफाकडे गेले. घर आणि लॉजची इमारत गहाण टाकण्याचे कागद तयार झाले. त्या काळात माडीवरच्या बारा खोल्यांत एकही पाहुणा नव्हता, कारण श्रावणात हळदीला कोण येतो?

अशा वेळी राजकोटवाल्या शेठजींची तार आली. हे शेठजी लॉज सुरू झाल्या हंगामापासून आमच्याकडे उतरत. खोली तीच, कोपऱ्यातली, जिच्या खिडकीतून पेढीची गादी दिसे. पहाटे पहिली बादली त्यांची असे, आणि सौद्याला जाण्यापूर्वी ते अण्णांशेजारी बसून काही न बोलता चहा घेत. अफवा त्यांच्यापर्यंतही पोहोचवली गेली होती, आणि कोणी पोहोचवली ते त्यांनी पुढे सांगितले. तारेत त्यांनी विचारले होते, पेवांत राजापुरी किती आहे आणि भाव काय धरायचा. अण्णांनी वहीतले आकडे जसेच्या तसे कळवले आणि वैशाखातला भाव सांगितला, एक आणाही वर नाही. शेठजींनी तो सगळा माल पेव न उघडता, नमुना न पाहता विकत घेतला आणि रकमेच्या दर्शनी हुंड्या मुंबईच्या पेढीवर करून पाठवल्या. त्या पटल्या. पैसे सांगलीत आले तेव्हा रांग अजून उभी होती. तिजोरीतून नव्या नोटांची बंडले निघालेली लोकांनी पाहिली आणि दुपारनंतर काहीजण घेतलेले पैसे परत ठेवायला आले. अण्णांनी त्यांना परत घेतले, व्याजाचा दरही तोच ठेवला. माझ्या मते हा त्यांचा फार मोठेपणा होता. मी असतो तर घेतले नसते.

दसऱ्यानंतर शेठजी स्वतः आले. हरिपूरला त्यांच्यासमोर पेवे उघडली, दिवा सोडून पाहिला, हमाल उतरले. पहिल्या पाटीतले हळकुंड शेठजींनी अण्णांच्याच पद्धतीने मोडून पाहिले आणि खिशात ठेवले. मालात खोट निघाली नाही. त्यानंतर त्यांचा मुलगा आमच्याकडे उतरत असे, आणि त्याचाही मुलगा.

त्या अनुभवानंतर लोकांच्या ठेवींना कायद्याचे संरक्षण हवे, असे अण्णा आवर्जून म्हणत. १ जानेवारी १९६२ पासून बँकांतल्या ठेवींना दीड हजार रुपयांपर्यंत विमा मिळाला. खासगी पेढ्या त्यात आल्या नाहीत. १९६९ च्या जुलैमध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या, हुंडीची जागा ड्राफ्टने घेतली. १९८४ मध्ये पेढ्यांनी लोकांकडून ठेवी घेण्यावर कायद्याने मर्यादा आली, तेव्हा अण्णांनी ठेवीदारांना बोलावून प्रत्येकाचे पैसे परत केले, पैसे भरून पावल्याच्या सह्या घेतल्या आणि पेढीची पाटी उतरवली. एकाही ठेवीदाराचा एकही रुपया शिल्लक राहिला नाही. आज पतसंस्था आणि बँका काढणाऱ्यांनी ही सह्यांची वही येऊन पाहावी.

मी लॉज हातात घेतला तो वडिलांच्या नंतर. हळदीचे सौदे मार्केट यार्डात गेले, पेठेतले मुक्काम कमी झाले, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि मिरजेच्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांचे नातेवाईक हे आमचे नवे पाहुणे झाले. २००५ च्या महापुरात हरिपूरची पेवे पाण्याने भरली आणि पेवांचा व्यवहार पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. आमचा तळमजला बुडाला. वह्या आणि डेस्क आम्ही आधीच माडीवर नेले होते. बंब मात्र चिखलातून काढून पुन्हा कल्हई करून घ्यावा लागला.

तरुण लॉजमालकांना दोन गोष्टी सांगतो. ऑनलाइन बुकिंगवाले आज जे कमिशन मागतात, तेच काम पूर्वी टांगेवाले करीत. त्यांच्यावर पूर्ण विसंबून राहू नका, आपल्या पाहुण्याचा पत्ता आपल्या रजिस्टरात असू द्या, आणि ते रजिस्टर कारकुनाच्या नव्हे, स्वतःच्या कुलपात ठेवा. १८ जुलै २०२२ ला हजार रुपयांच्या आतल्या खोलीवरही १२ टक्के जीएसटी लागू झाला (२०२५ मध्ये तो कमी झाला), तेव्हा आमच्या व्यवसायातल्या अनेकांनी पावती न देण्याचा मार्ग धरला. आम्ही पावती दिली, दर वाढवला आणि त्याचे कारण पाहुण्याला सांगितले. नियमित येणाऱ्यांपैकी कोणीही त्यावरून तुटला नाही.

स्मरणिकेची पुढची आवृत्ती निघणार असल्याचे कळते. आमचे मुक्कामाचे पहिले रजिस्टर, खोल्यांच्या बांधकामाची कीर्द आणि त्या कारकुनाच्या पगाराच्या सह्या संपादक मंडळाने येऊन पाहाव्यात. वह्या मोडी लिपीत आहेत, म्हणून वाचणारा सोबत आणावा. तसा कोणी न मिळाल्यास मी स्वतः वाचून दाखवीन.