आमची वाटचाल : तपासणीच्या वहीपासून आकड्याच्या रुंदीपर्यंत

भोसरीतल्या आमच्या मशीन शॉपची सुरुवात दोन सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारी कातकामाची यंत्रं), एक मायक्रोमीटर (बारीक माप घेण्याचं उपकरण) आणि तपासणीची जाडजूड वही यांवर झाली. दर पाचव्या जॉबचं, म्हणजे बनवलेल्या भागाचं, माप ऑपरेटर वहीत लिहायचा. अशा वह्या ओळीनं वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते : शेवटचा अंक बहुतेक वेळा 0 किंवा 5, मर्यादेच्या आतल्या काठाला मापांची गर्दी आणि काठापलीकडे शुकशुकाट. मशीन असं कापत नाही. असं माणूस लिहितो.

म्हणून मायक्रोमीटरला केबल लावली आणि माप थेट कॉम्प्युटरवर घेऊ लागलो. 0 आणि 5 गेले, काठावरची गर्दी मात्र तशीच राहिली. कारण साधं होतं. माप मर्यादेबाहेर गेल्यानं स्क्रीन लाल झाली की ऑपरेटर पुन्हा मोजतो आणि हिरवी होईपर्यंत मोजत राहतो. सॉफ्टवेअर जतन करायचं फक्त शेवटचं माप. आता प्रत्येक दाबलेलं बटण वेळेसह नोंदलं जातं, माप नोंदून झाल्याशिवाय लाल-हिरवं दिसत नाही, आणि दुसरं माप घ्यायचं तर जॉब पुसून, कारण निवडून.

डिजिटलनं नव्या चुकाही आणल्या. जबड्यांत बारीक चिप (धातूचा कीस) अडकलेली असताना कुणी झीरोचं बटण दाबलं, की पुढची सगळी मापं एकाच दिशेनं सरकतात आणि ग्राफवर ते मशीनच सरकल्यासारखं दिसतं. त्यामुळे शिफ्टच्या सुरुवातीला आणि नंतर दर दोन तासांनी 40 मिमीच्या मास्टरवर (नेमकं माप माहीत असलेल्या तुकड्यावर) तपासणी होते. फरक 2 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला, तर मागच्या तपासणीनंतरचा सगळा माल अडवून ठेवायचा. जॉबचा नंबर हातानं टाकणंही बंद केलं. एका जॉबचं माप दुसऱ्याच्या नावावर चढलं तर ते नंतर कुठल्याही हिशेबात सापडत नाही.

खरी शिकवण गेज आर अँड आर (मोजण्यामुळेच किती फरक पडतो ते पाहणारी चाचणी) करताना मिळते. 10 जॉब, 3 ऑपरेटर, प्रत्येकी 3 वेळा, म्हणजे 90 मापं. एकाच ट्रेमधले सलग दहा जॉब उचलले तर चाचणी फुकट जाते. उत्पादनात जेवढा फरक पडतो तेवढा त्या दहांत असावा लागतो. जॉबवरचे नंबर झाकलेले हवेत आणि क्रम विस्कटलेला हवा. निकाल, म्हणजे एकूण फरकात मोजण्यामुळे आलेल्या फरकाचं प्रमाण, 10 टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, 30 च्या वर गेला तर ती पद्धत वापरू नये. पहिला संशय उपकरणावर घेतला जातो, पण दोष बहुधा हातात असतो. कुणी रॅचेट (ठरावीक दाब आला की वाजणारा खटका) तीनदा वाजवतो, तर कुणी थिंबलच (फिरवायची मूठ) घट्ट आवळतो. कुणी जॉबच्या खांद्याजवळ (व्यास बदलतो त्या पायरीजवळ) मोजतो, कुणी टोकाला, आणि जॉबला थोडा टेपर (निमुळतेपणा) असला की दोघंही खरंच सांगत असतात. आम्ही खांद्यापासून 10 मिमीवर मोजायचं ठरवलं आणि मायक्रोमीटर स्टँडवर बसवला, म्हणजे हाताची ऊबही त्याला लागत नाही.

मग अनिश्चिततेचा, म्हणजे मोजलेला आकडा किती मागेपुढे असू शकतो त्या रुंदीचा, हिशेब मांडला. उदाहरणाला 40 मिमीचा स्टीलचा शाफ्ट घेऊ, मर्यादा 39.984 ते 40.000. प्रमाणित अनिश्चितता मायक्रॉनमध्ये अशी : कॅलिब्रेशन 0.5 (प्रमाणपत्रावर 1.0 असतं, ते दुप्पट केलेलं असतं म्हणून दोननं भागायचं), लीस्ट काउंट (उपकरण दाखवतं ते सगळ्यात लहान माप) 0.3, जॉब आणि उपकरण यांच्या तापमानात ±3 अंशांचा फरक धरून 0.8, हातांमुळे 1.2. या आकड्यांची सरळ बेरीज करायची नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की साधारण 1.55 येतं, आणि दुप्पट केल्यावर ±3.1. वर्गांच्या बेरजेतला जवळपास 60 टक्के वाटा एकट्या हातांचा! महागडं उपकरण घेतलं तर कमी होणार 0.5 आणि 0.3. हातांचा आकडा निम्मा केला तर एकूण ±2.3 वर येतं, खर्च एका स्टँडचा आणि दोन दिवसांच्या सरावाचा.

माल पास करताना दोन्ही टोकांना 3 मायक्रॉन सोडतो, म्हणजे 39.987 ते 39.997. सोळा मायक्रॉनपैकी हाती राहतात दहा. ऑपरेटरना हे आवडत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही.

तापमानाचा फटका ॲल्युमिनियमला जास्त बसतो. 60 मिमीचा बोअर (जॉबमधलं गोल भोक), मर्यादा 60.000 ते 60.030. मेमधल्या दुपारी जॉब 35 अंशांवर असेल, तर 20 अंशांच्या तुलनेत बोअर सुमारे 21 मायक्रॉन मोठा असतो. बोअर गेज स्टीलच्या मास्टर रिंगवर सेट केलं आणि रिंगही त्याच 35 अंशांवर असली, तरी 10 मायक्रॉनचा फरक उरतोच, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून रिंग आणि जॉब एकाच ग्रॅनाइट प्लेटवर तासभर ठेवतो, दोघांचं तापमान नोंदवतो आणि उरलेला फरक हिशेबातून वजा करतो. कुलंटमधून (कापताना सोडलेल्या थंडाव्याच्या द्रवातून) नुकताच काढलेला जॉब मोजायचा नाही.

ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) आपोआप देण्याचा टप्पा यानंतरचा. तो आधी आला असता तर नुकसानच झालं असतं. मशीन नीट चालत असताना प्रत्येक मापानुसार तेवढाच उलटा ऑफसेट दिला, तर फैलाव कमी होण्याऐवजी सुमारे 1.4 पट होतो, कारण मशीन नैसर्गिक चढउताराच्या आणि मापातल्या चुकीच्याही मागे धावतं. आमचं सॉफ्टवेअर सलग पाच जॉबची सरासरी घेतं, मध्यापासून 3 मायक्रॉनपर्यंतचा फरक सोडून देतं आणि एका वेळी निम्मीच दुरुस्ती करतं. हातानं ऑफसेट टाकताना 0.05 च्या जागी 0.5 पडणं ही शॉपफ्लोअरवरची सगळ्यात जुनी चूक. त्यासाठी कंट्रोलमध्ये वेअर ऑफसेटची (टूलच्या झिजेसाठीच्या दुरुस्तीची) कमाल मर्यादाच बांधून टाकली आहे. आकडा व्यासाचा टाकायचा की त्रिज्येचा, हा गोंधळ त्यानं मिटत नाही. तो आकडा टाकायचा खाना आम्ही पिवळ्या रंगानं वेगळा केला आहे.

सध्या मशीनमधल्या प्रोबचा (जॉबला स्पर्श करून मशीनवरच मोजणाऱ्या उपकरणाचा) विचार चालू आहे. ज्या स्लाइडनं (टूल सरकवणाऱ्या भागानं) कापलं तीच स्लाइड मोजणार असल्यानं स्लाइडची चूक त्याला दिसणार नाही. तेव्हा प्रोब आला तरी शेवटचं माप ग्रॅनाइट प्लेटवरच होईल.