रीळ गायब

दुर्गोत्सवात मी प्रोजेक्टर भाड्यानं लावतो. पडदा ताणला, लॅपटॉपचं बटण दाबलं की काम संपलं. त्यात ऑपरेटरपण काही उरलेलं नाही. पण यवतमाळकडच्या एका गावात अष्टमीच्या रात्री जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

मंडळाच्या पोट्ट्यांनी स्वतःच चाळीस मिनिटांचा झोंबीपट केला होता. पऱ्हाट्या उपटायच्या आधी वाळल्या वावरात शूटिंग केलेलं. मातीतून मुडदे उठतात आणि राखणदाराला फाडून खातात. रक्त म्हणजे गुळाचा पाक आणि जिलबीचा रंग. हे मला पटलं. जॉर्ज रोमेरोचा १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' कृष्णधवल होता, म्हणून त्यात चॉकलेटचं सिरप रक्त म्हणून खपून गेलं. घरात जे आहे त्यातून भीती उभी करायची, हीच या सिनेमांची जुनी रीत.

दुसऱ्याच मिनिटाला पडद्यावर उभी रेघ आली. मग चार आल्या. चित्र थरथरलं. मी ताडकन उठलो आणि हात उजवीकडे गेला, टॉकीजमधल्या आमच्या मशीनच्या शटरची, म्हणजे उजेड अडवणाऱ्या झडपेची, दांडी असायची तिथं. तिथं हवा होती.

"काका, बसा ना. ते आमीच टाकलं हाय."

रॉबर्ट रॉड्रिग्जनं २००७च्या 'प्लॅनेट टेरर'मध्ये हेच केलं होतं. सिनेमा डिजिटलवर काढला आणि वरून ओरखडे चढवले. पोट्ट्यांनी ते तिथूनच उचललं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तालुक्याच्या टॉकीजमध्ये २२ वर्षं मी दर शोआधी मशीनचं गेट, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून सरकते ती खाच, पुसलं, कारण अडकलेला एक कण अख्ख्या रिळावर रेघ ओढतो. एकदा प्रिंट आधीच्या गावाहूनच खराब होऊन आली. जी रिळं मशीनवर चढलीच नव्हती, त्यांच्यावरही तीच रेघ होती. मी ती मालकाला उजेडात धरून दाखवली, तरी पगार माझाच कापला. आणि ही पोरं तीच रेघ हौसेनं विकत घेतात!

त्यातही चुका होत्या. त्यांच्या सगळ्या रेघा पांढऱ्या. खरं म्हणजे फिल्मच्या पाठीवर ओरखडा पडला तर पडद्यावर काळी रेघ दिसते. रंगाच्या बाजूनं पडला तर आधी हिरवी, खोल गेला की पिवळी, आणि सगळे थर गेले की मगच पांढरी. शिवाय रीळ झिजतं ते सुरुवातीला आणि शेवटी, जिथं हात लागतात. यांचं मधेच झिजलेलं. फ्रेम जळायची तर मधोमध फुगून फोड येतात, कारण तिथं आच जास्त. यांची कोपऱ्यातून पेटली.

लोकांना त्याचं काही नव्हतं. पहिला मुडदा उठला तर बाया नावानिशी ओळखायला लागल्या, "हा तर पानठेल्यावाल्याचा पोट्टा!" आणि त्याच पोट्ट्यानं आतडी म्हणून सायकलची ट्यूब ओढून काढली, तेव्हा त्याच बाया किंचाळल्या. रामसे बंधूंचा १९७२चा 'दो गज ज़मीन के नीचे' मी जुन्या प्रिंटवर चालवला होता, तेव्हाही असंच. मुखवटा दिसत असतो आणि अंगावर काटाही येतो. पडद्यामागं माणसाचे हात दिसतात, म्हणून जीव मोकळा ठेवून घाबरता येतं, असं मला वाटतं. हल्लीच्या गुळगुळीत भुतांना कोणी नावानं हाक मारत नाही.

मग राखणदाराची बायको दार उघडणार, तोच पडदा काळा झाला आणि पाटी आली, 'रीळ गायब'. ही युक्तीही 'प्लॅनेट टेरर'चीच.

अख्खं मैदान माझ्याकडं वळलं. शिट्ट्या सुरू झाल्या. मागून एक म्हातारा ओरडला, "अबे ऑपरेटर! रीळ खाल्ली काय बे?"

टॉकीज बंद पडल्यापासून मला त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. मी उभा राहिलो. दोन्ही हात वर केले, जसे केबिनच्या खिडकीतून करायचो. शिट्ट्या आणखी वाढल्या.

परवा पोट्टे घरी आले. पुढच्या भागासाठी खऱ्या रेघा पाहिजेत म्हणाले. माझ्याकडं डब्यात एका गाण्याचा तुकडा आहे, आजवर एक डाग नाही त्याच्यावर. काल तो काढला, बायकोकडून शिवणाची सुई घेतली आणि दिव्याखाली बसलो. रंगाची बाजू वर केली. सुई अजून टेकवलेली नाही.