शांतता ऐकू येण्यासाठी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात आमच्याकडे धान निसवला की रात्रीची जागल सुरू होते. माळ्यावर बसलेला शेतकरी अंधारात फारसे पाहू शकत नाही, त्यामुळे तो कानांवर विसंबतो. रातकिड्यांची किरकिर चालू आहे तोवर तो निवांत असतो. एखाद्या धुऱ्याकडची किरकिर एकाएकी थांबली की तो टॉर्च उचलतो, कारण तिकडून रानडुकरे बांधीत शिरत असतात किंवा याहून भीतिदायक काही असते. चित्रपटातील शांतता नेमकी अशीच काम करते, असे माझे ठाम मत आहे. आधी काहीतरी ऐकू येत असले पाहिजे, तरच ते थांबल्याचे कळते.

म्हणूनच ध्वनिमुद्रक चित्रीकरण आटोपल्यावर सर्वांना जागच्या जागी स्तब्ध उभे करून त्या जागेचा नुसता आवाज अर्धा-एक मिनिट मुद्रित करून घेतो. याला रूम टोन म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी याच आवाजाने भरतात. तेथे निखळ शून्य ठेवले, तर प्रेक्षकाला शांतता जाणवत नाही, स्पीकर बंद पडल्याचा भास होतो.

व्ही. शांताराम यांनी हे फार लवकर ओळखले होते. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला आणि अवघ्या ५ वर्षांत, १९३७ साली, प्रभात फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी रूढ पार्श्वसंगीत बाजूला ठेवून प्रसंगातल्याच आवाजांवर भिस्त ठेवली. नव्याने हाती आलेला ध्वनी सढळ हाताने वापरण्याच्या त्या काळात एवढा संयम दाखवणे, हे मला आजही विलक्षण वाटते.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) याच्या पुढचे पाऊल आहे. मुलगी दुर्गा गेल्याचे बाप हरिहरला कळते, तेव्हा आई सर्वजयेचा आक्रोश आपल्याला दिसतो. पण तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा टाहो ऐकू येतो. त्या बाईचा स्वर काढून घेतल्यामुळेच ते रडणे सोसवत नाही. रविशंकर यांच्या संगीताबद्दल पुष्कळ लिहिले जाते, परंतु या प्रसंगात काय ऐकवले नाही, याचे मोल मला अधिक वाटते.

‘सैराट’ (२०१६) तर आमच्या गावातल्या प्रत्येकाने पाहिला आहे. अजय-अतुल यांच्या गाण्यांत मोठा वाद्यवृंद अक्षरशः ओसंडून वाहतो आणि शेवटी, नायक-नायिकेचे लहान मूल रडत, रक्ताची पावले उमटवत बाहेर पडते, तेव्हा ना वाद्ये असतात, ना त्याच्या रडण्याचा आवाज. तो शेवट इतका जिव्हारी लागतो, याचे निम्मे श्रेय मी आधीच्या त्या भरघोस संगीताला देतो. मुळात कोरड्या चित्रपटाला असा शेवट जोडला असता, तर एवढा परिणाम झाला नसता.

(झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीवर हे वेगळ्या तऱ्हेने घडते. वर टांगलेल्या माईकपर्यंत पोहोचावे म्हणून नट खड्या आवाजात बोलतात, कुजबुज तेथे शक्यच नसते. पण ऐन प्रसंगी ऑर्गन आणि तबला थांबले की रात्रभर जागलेला प्रेक्षकही सावरून बसतो.)

आता गावातले बहुतेक लोक चित्रपट मोबाइलवर पाहतात. त्याच्या लहानशा स्पीकरमधून खर्जातले आवाज येत नाहीत आणि हलके आवाज घरातल्या पंख्याखाली दबतात. निदान साधा इअरफोन लावावा, एवढा आग्रह मी भेटेल त्याच्याकडे धरतो.

माझी खरी तक्रार मात्र खेडे दाखवणाऱ्या चित्रपटांविषयी आहे. पहाट झाली की बासरी आणि रात्र झाली की कोल्हेकुई, एवढ्यावर भागवले जाते, आणि जेथे काहीच नाही तेथे व्हायोलिन पसरले जाते. आमच्याकडे आषाढात धान रोवणाऱ्या बायांची गाणी चिखलातल्या पावलांच्या आवाजात मिसळलेली असतात, दिवाळीनंतर धान चुरण्याच्या, म्हणजे मळणीच्या, यंत्राची घरघर दूरवरून येत राहते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटे मोहाची फुले वाळल्या पाचोळ्यावर टपटप पडतात. ध्वनिमुद्रकाने चित्रीकरणाआधी दोन-चार रात्री गावात काढून हे सारे मुद्रित करावे आणि दिग्दर्शकाने त्याला तेवढा वेळ द्यावा. चित्रपटातला प्रसंग कोणत्या महिन्यातला आहे, हे आमच्या भागातल्या माणसाला डोळे मिटूनही ओळखता आले पाहिजे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.